आधी अर्थ, मग लाइन: चाकांवरच्या ब्रेकरची गोष्ट

आजच्या भागासाठी एक छोटं काम सांगतो. घरात इस्त्री, गीझर, फ्रिज यांपैकी कशाचा तरी गोल तीन पिनांचा प्लग असेलच. बटण बंद करा, प्लग काढा आणि नीट बघा. वरची एकटी पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आहे. जाड कशासाठी, तर ती चुकून खालच्या भोकात जाऊ नये म्हणून. पण ती लांबही आहे, आणि चांगली डोळ्यांना दिसेल इतकी लांब आहे. ते कशासाठी?

तर प्लग आत जाताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. इस्त्रीच्या पत्र्याला आतून कुठे वायर चिकटली असेल, तरी फेज पोहोचायच्या आधीच त्या पत्र्याला जमिनीची वाट मिळालेली असते. हा गोल पिनांचा नमुना मूळचा ब्रिटिश, १९३४ सालच्या बीएस ५४६ या मानकातला. तिकडे तो घराघरांतून जवळपास गेला, आपण मात्र अजून वापरतोय. तुमच्या मोबाइलच्या यूएसबी पिनमध्येही पॉवर आणि ग्राउंडच्या पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा लांब असतात. तिथे जिवाचा नाही, चिपचा प्रश्न असतो. युक्ती मात्र तीच. कोणी आधी टेकायचं हे माणसाला लक्षात ठेवायला न लावता धातूच्या लांबीतच लिहून ठेवायचं.

आता असाच एक प्लग डोळ्यांसमोर आणा. त्याचं वजन शेकडो किलो, त्याला चाकं आहेत, आणि तो ज्या सॉकेटात जातो तिथे ११ हजार व्होल्ट आहेत. त्याला बाहेर काढणारा आणि आत ढकलणारा माणूस त्याच्या अगदी समोर उभा असतो. आजची गोष्ट या प्लगची. त्याचं रोजचं नाव ब्रेकरची ट्रॉली.

ज्यांनी सबस्टेशन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मॉल, हॉस्पिटल, कारखाना, मी लिहिलेला कोड जिथे चालतो ते डेटा सेंटर, अशा सगळ्या ठिकाणी वीज आधी ११, २२ किंवा ३३ हजार व्होल्टवर येते. एका खोलीत राखाडी रंगाची पत्र्याची कपाटं ओळीने उभी असतात. त्यांना पॅनल म्हणतात आणि आतल्या सगळ्या सरंजामाला स्विचगिअर. प्रत्येक कपाटात एक सर्किट ब्रेकर असतो. काही बिघडलं की तो सेकंदाच्या छोट्याशा भागात वीज तोडतो. पुष्कळ पॅनलमध्ये हा ब्रेकर बोल्टने कायमचा बसवलेला नसतो. तो ट्रॉलीवर असतो, आणि हँडल फिरवून किंवा ढकलून आत-बाहेर करता येतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. कपाट जागेवर उभं आहे. त्याला तांब्याची पट्टी बोल्टने जोडली, ती जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला नेली, की काम झालं. पण जी वस्तू हलते तिला अर्थिंग कसं द्यायचं? वायर लांब ठेवली तर चाकाखाली येणार. वायर माणसाने हाताने लावायची ठेवली तर एखाद्या रात्री दोन वाजता, लाइन गेलेली, वरून फोनवर फोन येत असताना, तो ती विसरणार.

हा प्रश्न मुळात पडला कसा हे कळायला थोडं मागे जाऊ.

१८८२ हे विजेच्या धंद्याचं जन्मसाल म्हणा हवं तर. त्या वर्षी लंडनला होबर्न व्हायाडक्टवर आणि न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीटवर एडिसनची केंद्रं सुरू झाली. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या तार आणि विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने वायरिंगचे पहिले नियम काढले. त्या नियमांच्या नावातच होतं की ते आगीच्या धोक्यासाठी आहेत. घर जळू नये ही पहिली काळजी. माणूस धातूला हात लावून मरू नये ही काळजी ठळकपणे पुढे यायला अजून वेळ होता. त्या काळचे स्विचबोर्ड म्हणजे पाटीच्या दगडाची किंवा संगमरवराची उभी फरशी, तिच्यावर उघडे तांब्याचे खटके. मागच्या बाजूला उघड्या पट्ट्या, आणि त्यांच्यामधून फिरणारा ऑपरेटर. दिसायला देखणे असायचे हो. जुने फोटो बघितले की एखाद्या राजवाड्यातला दिवाणखाना वाटतो.

अर्थिंगबद्दल तेव्हा एकमत नव्हतं, हे आज ऐकायला विचित्र वाटतं. ब्रिटनमध्ये तार आणि टेलिफोन सांभाळणाऱ्या पोस्ट खात्याला जमिनीतून फिरणारा परका करंट नको होता. त्याने त्यांच्या तारांमध्ये गडबड व्हायची. त्यामुळे वीजकंपनीने आपल्या यंत्रणेचं एक टोक जमिनीला जोडायचं तर आधी परवानगी मागायची, अशी पद्धत होती. दुसऱ्या बाजूला सेबॅस्टियन डी फेरांटी नावाचा तरुण होता. वय विशीतलं, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांएवढं. १८८०च्या दशकाच्या शेवटी तो डेप्टफर्डला वीजकेंद्र बांधत होता आणि तिथून लंडन शहरात १० हजार व्होल्ट न्यायचं म्हणत होता. लोक हबकलेच. त्याची केबल म्हणजे एकात एक घातलेल्या दोन तांब्याच्या नळ्या, मध्ये मेणात भिजवलेला कागद. बाहेरची नळी जमिनीला जोडलेली. ही सुरक्षित आहे हे सरकारी अधिकाऱ्यांना पटवायला त्याने काय करावं? चालू केबलमध्ये छिन्नी ठोकायला लावली. छिन्नी हातात धरणारा त्याचाच सहकारी. छिन्नी बाहेरच्या नळीतून आतल्या नळीपर्यंत गेली आणि धरणाऱ्याला काही झालं नाही. कारण छिन्नी आतल्या नळीला लागायच्या आधी बाहेरच्या, जमिनीला जोडलेल्या नळीत रुतून बसलेली होती.

आधी अर्थ, मग लाइन. क्रम लक्षात आला ना? आजच्या सुरक्षा अधिकाऱ्यासमोर असा प्रयोग करायचं म्हटलं तर तो आधी पोलिसांना बोलावेल, ही गोष्ट वेगळी.

आता गोष्ट उत्तर इंग्लंडला जाते, टाइन नदीच्या काठी. जहाजांचे कारखाने, कोळशाच्या खाणी, आणि या सगळ्यांना वीज विकू पाहणारी न्यूकॅसलची वीजकंपनी. तिचा सल्लागार होता चार्ल्स मर्झ. नदीच्या उत्तर काठावर वॉल्सेंडला १९०१ साली नेपच्यून बँक नावाचं केंद्र सुरू झालं. लॉर्ड केल्विननी उद्घाटन केलं. तीन फेज, ५,५०० व्होल्ट. या मर्झचा आपल्याशीही संबंध आहे. त्याची सल्लागार कंपनी, मर्झ अँड मॅक्लेलन, पुढे जीआयपी रेल्वेच्या विद्युतीकरणावर होती. त्याच विद्युतीकरणातून १९२५च्या फेब्रुवारीत मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली.

त्याच १९०१ साली नदीच्या दक्षिण काठावर हेबर्न गावात एक कारखाना लंडनहून उठून आला. मालक अल्फोन्स रेरोल, मूळचा फ्रेंच. इलेक्ट्रिकलवाले श्रोते आता कान टवकारतील, कारण रेरोल हे नाव आजही सीमेन्सच्या रिलेंवर छापलेलं असतं. कंपन्या एकमेकींना गिळत गेल्या, नाव टिकलं.

तिसरं नाव हेन्री क्लोदियर. १९०२ साली त्याने अभियंत्यांच्या संस्थेसमोर एक निबंध वाचला. त्या वेळी हाय व्होल्टेजचे स्विच विटांच्या किंवा दगडी कप्प्यांमध्ये ठेवत. प्रत्येक फेज वेगळ्या कप्प्यात, मध्ये भिंत. तांबं उघडंच. धूळ, ओल, उंदीर, विसराळू कामगार, सगळ्यांना दार मोकळं. क्लोदियरचं म्हणणं असं की तांब्याचा एकही इंच उघडा नको. प्रत्येक चालू भाग धातूच्या पेटीत घाला, आणि ती धातूची पेटी जमिनीला जोडा.

इथे जरा थांबतो, कारण पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. विजेभोवती वीट ठेवण्यापेक्षा लोखंड ठेवणं सुरक्षित कसं? लोखंडातून तर वीज वाहते. उत्तर असं की वाहते म्हणूनच. विटांच्या कप्प्यात एखादा इन्सुलेटर तडकला तर थोडासा करंट कुठून तरी पाझरत राहतो. कुणाला कळत नाही, आणि भिंत ओली असेल तर भिंतही जिवंत. याउलट जमिनीला जोडलेल्या लोखंडी पेटीत इन्सुलेटर तडकला की करंट सरळ पेटीत उतरतो, तिथून जमिनीत जातो, भरपूर वाहतो, रिलेला दिसतो आणि ब्रेकर पडतो. शिवाय दोन फेजच्या मध्ये जमिनीला जोडलेला धातू असल्याने त्या एकमेकींना भिडायच्या आधी जमिनीला भिडतात. पेटी म्हणजे नुसतं झाकण नाही, पेटी पहारेकरी आहे. पण तो पहारेकरी जमिनीला बांधलेला असेल तरच. तसं नसेल तर त्याच पेटीला ५,५०० व्होल्टची यंत्रणा येऊन बसते आणि तिला हात लावणारा माणूस ही जमिनीकडे जायची एकमेव वाट उरते.

१९०५-०६च्या सुमारास रेरोलच्या कारखान्यातून अशा धातूच्या कवचातला स्विचगिअर न्यूकॅसलच्या कंपनीसाठी तयार झाला. ओतीव लोखंडाच्या पेट्या, तांब्याच्या पट्ट्यांभोवती डांबरासारखा रस ओतून भरलेला. आर्मरक्लॅड, म्हणजे चिलखती, असं नाव त्याला पडलं आणि ते शोभलंही.

आणि लगेच नवी अडचण. सगळं बंद केलं म्हणजे आत काही दिसेना. त्या काळचे ब्रेकर तेलाचे. मोठा फॉल्ट तोडला की तेल जळून काळं होणार, संपर्काची टोकं वितळणार. टाकी उतरवा, तेल बदला, टोकं घासा, हे काम वारंवार. मग चालू बसबारच्या शेजारी त्या चिलखतात हात घालायचा का? अजिबात नाही. म्हणून अख्खा ब्रेकरच बाहेर काढायचा. ब्रेकरच्या पाठीला प्लगसारखी टोकं, कवचात त्यांना सॉकेट. बाहेर काढला की मध्ये मोकळी हवा. लाइन तुटल्याचं डोळ्यांना दिसतं आणि सॉकेटवर झाकण सरकतं. त्या झाकणाला आज शटर म्हणतात. गंमत म्हणजे रेरोलची कंपनी कारखान्यांसाठी लागणारे दणकट प्लग-सॉकेटही बनवायची.

म्हणजे साखळी अशी झाली. सुरक्षिततेसाठी सगळं बंद केलं. बंद केलं म्हणून ब्रेकर काढता यायला हवा झाला. आणि ब्रेकर काढता येऊ लागला म्हणून, ज्या अर्थिंगच्या भरवशावर हे सगळं उभं होतं, तेच त्याच्यापाशी सुटायला लागलं. एक बग दुरुस्त केला की तिसऱ्या फाइलमध्ये दुसरा उगवतो, तसं. हा अनुभव आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला आहे.

कुणी म्हणेल, ट्रॉलीला लोखंडी चाकं आहेत, ती लोखंडी रुळावर उभी आहे, रूळ कपाटाला जोडलेला आहे. मग वेगळं अर्थिंग कशाला? एक कारण म्हणजे ग्रीस. चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस असतं, रुळावर रंग असतो, गंज असतो. वजन पेलायला चाक उत्तम, करंट न्यायला बेभरवशाचं. थोडं गणित करू. समजा इन्सुलेटर तडकला आणि ट्रॉलीच्या सांगाड्यातून ४०० अँपिअर जमिनीकडे निघाले. पुष्कळ कारखान्यांत न्यूट्रलला रेझिस्टर लावून अर्थ फॉल्टचा करंट इतपतच ठेवतात. वाटेत चाकापाशी अर्धा ओहम रोध आहे. ४०० गुणिले अर्धा, म्हणजे ट्रॉलीवर २०० व्होल्ट. माणसाच्या शरीराचा रोध ढोबळपणे हजार ओहम धरला तर त्याच्यातून २०० मिलीअँपिअर जातील. हृदय थांबायला इतके पुरतात. आणि ही झाली रेझिस्टरवाली सौम्य यंत्रणा. जिथे न्यूट्रल थेट जमिनीला जोडलेला असतो तिथे हजारो अँपिअर येतात. तेव्हा त्या अर्ध्या ओहमवर हजारो व्होल्ट. पूर्वीच्या बऱ्याच पॅनलमध्ये ट्रॉलीचा पुढचा पत्रा हाच कपाटाचा दर्शनी भाग असायचा. बटणं त्याच्यावर, हँडल त्याच्यावर, आणि हात साहजिकच त्याच्यावर.

दुसरं कारण जास्त लबाड आहे, कारण त्यात काही तडकलेलंच नसतं. ११ हजार व्होल्टच्या शेजारी, कशालाही न जोडलेला एखादा धातूचा तुकडा ठेवला तर तो नुसता शेजारामुळेच व्होल्टेज पकडतो. कपॅसिटर आठवा, बारावीचं फिजिक्स. चालू तांबं ही एक पाटी, ट्रॉलीचा सांगाडा ही दुसरी पाटी, मध्ये इन्सुलेटर. सांगाडा आणि जमीन यांचा दुसरा कपॅसिटर. व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. ट्रॉली अधांतरी असेल तर ती शून्यावर राहत नाही. करंट थोडाच असतो, पण अचानक बसलेल्या झटक्याने माणूस मागे फेकला गेला आणि मागे काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

तिसरं म्हणजे कंट्रोलची वायरिंग. ट्रॉली मुख्य लाइनपासून सुटली तरी टेस्ट पोझिशनमध्ये तिच्या मोटरला, कॉइलला वीज देणारा छोटा प्लग लागलेलाच असतो. ११० किंवा २२० व्होल्ट. लाइन तुटली म्हणजे ट्रॉली निर्जीव झाली, हा समज इथे उपयोगाचा नाही.

मग उपाय काय निघाला? साधा आहे. कपाटाच्या तळाशी किंवा बाजूला तांब्याची एक लांब पट्टी, कपाटांच्या आतून जाणाऱ्या अर्थ बसबारला पक्की जोडलेली. ट्रॉलीवर स्प्रिंगने दाबलेली तांब्याची बोटं किंवा घसरणारा जोडा. ट्रॉली आत ढकलली की पहिल्यांदा ही बोटं पट्टीवर चढतात, आणि ट्रॉली पुढे सरकते तशी पट्टीवरून घासत पुढे जातात. मग शटर उघडतं. मग शेवटी मुख्य टोकं सॉकेटात बसतात. बाहेर येताना नेमकं उलट. आधी मुख्य टोकं सुटतात, शटर बंद होतं, ट्रॉली टेस्ट पोझिशनला येते, डिसकनेक्टेडला येते, आणि बोटं अजून पट्टीवर घासतच असतात. ट्रॉली पूर्ण बाहेर यायला निघाली की ती सुटतात.

कोड लिहिणाऱ्यांनो, हा स्टॅक आहे. जो आधी आत आला तो शेवटी बाहेर. दोन लॉक घेताना एक क्रम, सोडताना उलटा क्रम. फरक इतकाच की आपण हा क्रम कमेंटमध्ये लिहितो आणि प्रार्थना करतो. इथे तो पट्टीच्या लांबीत आहे. पट्टी लांब आणि मुख्य टोकं आखूड असताना क्रम चुकवून दाखवा!

आंतरराष्ट्रीय मानकांनीही हेच शब्दांत बांधलं. १९६९ साली आयईसी २९८ आलं. त्याच्या जागी २००३ मध्ये आलेलं आयईसी ६२२७१-२०० आज जगभर चालतं. त्यात काढता येणाऱ्या भागाबद्दल मागणी अशी आहे: सरकणाऱ्या भागाचा जो धातू एरवी अर्थ केलेला असतो, तो सर्व्हिस, टेस्ट आणि डिसकनेक्टेड या तिन्ही स्थितींत अर्थलाच राहिला पाहिजे. आणि यांच्या मधल्या कुठल्याही जागीसुद्धा. मला या नियमातला हा ‘मधल्या कुठल्याही जागी’वाला तुकडा सगळ्यात आवडतो. ज्याने कुणी तो लिहून घेतला त्याने हँडल अर्ध्यावर अडकलेलं बघितलं असणार. जो भाग कपाटातून पूर्ण निघून परत बसवला जातो, त्याचा अर्थ मुख्य टोकांच्या आधी लागला पाहिजे, हेही तिथे आहे. ही जोडणी कपाटाच्या पत्र्याच्या अर्थिंगइतकीच करंट पेलणारी हवी. आणि कपाटाच्या आतले पत्रे, दारं, सांगाडे अर्थला नीट जोडलेत का हे बघायला ३० अँपिअर डीसी सोडून व्होल्टेज मोजतात. ३ व्होल्टच्या वर गेलं की नापास.

आपल्याकडचा कायदा वेगळ्या बाजूने आला. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतला ६१वा नियम आयटीआयच्या पोरांना झोपेतही येतो: मोटर, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर यांच्या धातूच्या भागांना दोन वेगवेगळ्या, स्वतंत्र जोडण्यांनी अर्थ करायचं. एक तुटली तर दुसरी आहे. कोणत्याही पॅनलच्या दोन्ही टोकांना दोन पट्ट्या जमिनीत गेलेल्या दिसतात त्या यामुळे. ते नियम जाऊन २०१०ला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, मग २०२३ला नवे आले, पण दोन अर्थचा हट्ट कायम आहे. माझी एक तक्रार आहे. या दोन पट्ट्या तपासायला जो तो हौसेने जातो, कारण त्या बाहेर दिसतात. आतली घासणारी पट्टी कुणी बघत नाही.

हे मी कशावरून म्हणतो? बीटेकला माझी शाखा इलेक्ट्रिकल होती, आणि तिसऱ्या वर्षी एका कारखान्यात महिनाभर ट्रेनिंग झालं. तिथल्या सबस्टेशनात पन्नाशीचे एक ऑपरेटर काका होते. ट्रॉली आत घालण्याआधी ते गुडघ्यावर बसून टॉर्चने कपाटाच्या तळाशी बघायचे आणि कापडाने तांब्याची पट्टी पुसायचे. मला वाटलं स्वच्छतेची आवड. एक दिवस त्यांनी दाखवलं. सबस्टेशन रंगवायचं कंत्राट निघालं होतं आणि रंगाऱ्याने एका रिकाम्या कपाटात आतूनही छान राखाडी ब्रश मारला होता. पट्टीसकट. दिसायला इतकं सुबक की कुणीही पास केलं असतं. मीटर लावला तर पट्टी आणि ट्रॉली यांच्यात जोडच नाही. बोटं पट्टीवर चढलेली, दाब बरोबर, जागा बरोबर, मध्ये मात्र रंगाचा एक थर. काकांनी पॉलिश पेपर मागवला, पट्टी लाल होईपर्यंत घासली, परत मोजलं, आणि मगच ट्रॉली आत. रंगाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याचा काय दोष.

रंग हा या धंद्यातला जुना शत्रू आहे. म्हणून पॅनल बनवणारे पत्र्यांच्या जोडावर दाते असलेले वॉशर घालतात. ते आवळले की रंग ओरबाडून खालच्या धातूला धरतात. दारांना विणलेल्या तांब्याची लवचिक वेणी लावतात, कारण बिजागरीतही ग्रीस असतं. पट्टीला कथलाचा किंवा चांदीचा मुलामा देतात. आपल्या महाराष्ट्रात नाशिक, कळवा, अहिल्यानगर इथे स्विचगिअरचे मोठे कारखाने आहेत. तुमच्यापैकी कुणाचे बाबा किंवा मावशी तिथे असतील तर त्यांना दात्यांच्या वॉशरबद्दल विचारा. एक तास निघून जाईल.

एक गोंधळ इथेच मोकळा करतो, कारण इंटरव्ह्यूतही तो होतो. आतापर्यंत बोललो ते ट्रॉलीच्या अंगाचं अर्थिंग. लाइनचं अर्थिंग ही वेगळी गोष्ट. पलीकडच्या केबलवर कामगार जाणार असेल तर ती केबलच जमिनीला जोडून ठेवतात, म्हणजे चुकून कुणी वीज सोडली किंवा केबलमध्ये चार्ज उरला असेल तर तो जमिनीत जाईल. त्यासाठी कपाटात अर्थ स्विच असतो, किंवा ब्रेकरच्या जागी सरकवायची एक वेगळी ट्रॉली, अर्थिंग ट्रक. या ट्रकची भीती खरी आहे. केबलच्या बाजूचा आणि बसबारच्या बाजूचा असे दोन प्रकार असतात. चुकीचा आत घातला तर जिवंत बसबार थेट जमिनीला, आणि मग कपाटात जे होतं त्याला स्फोटच म्हणतात. म्हणून आधी लाइन मेलेली आहे हे मोजायचं, मग अर्थ करायचं. म्हणजे इथे क्रम वेगळा, आणि तो बहुतांशी माणसाच्या हातात, कुलूप-किल्लीच्या मदतीने. पण अर्थिंग ट्रकचं स्वतःचं अंग? तेही आत जाताना त्याच घासणाऱ्या पट्टीवर आधी चढतं.

तेल कधीच मागे पडलं. व्हॅक्युमचे ब्रेकर आले. त्यांना वर्षानुवर्षं उघडावं लागत नाही. ज्या कामासाठी ब्रेकर बाहेर काढायचा ते कामच आटलं, म्हणून १९८०च्या दशकापासून गॅस भरलेल्या बंद टाकीतले, कायमचे बसवलेले ब्रेकरही येऊ लागले. त्यात ट्रॉलीच नाही, त्यामुळे हा सगळा प्रश्नही नाही. क्लोदियरने सुरू केलेली पेटी शेवटी पूर्ण बंद झाली म्हणायची. ट्रॉलीवाले पॅनलही नव्याने बनतातच. त्यात दार बंद ठेवूनच हँडल फिरवायचं, ब्रेकर चालू असेल तर हँडल आत शिरतच नाही, आणि काही ठिकाणी मोटर लावून माणूस खोलीबाहेरून ट्रॉली हलवतो. आणि जुने? पुष्कळ वर्षांचे पॅनल रोज सेवेत आहेत. त्यांच्या तळाशी पट्टी आहे, तिच्यावर धूळ आहे, स्प्रिंगा थकल्यात.

आपल्या श्रोत्यांत डिप्लोमावाले, आयटीआयवाले बरेच आहेत हे तुमच्या मेसेजवरून कळतं. ट्रेनिंगला किंवा नोकरीला सबस्टेशनात गेलात आणि रीतसर शटडाउन घेऊन, परमिट काढून ट्रॉली बाहेर आली, तर टॉर्च घेऊन कपाटात खाली बघा. पट्टी तांब्याच्या किंवा मुलाम्याच्या रंगाची दिसतेय का? बोटांच्या घासण्याची ताजी रेघ तिच्यावर आहे का? रेघ मध्येच तुटलीय का? हात आत घालू नका, साहेबांना सांगून मीटर लावा.

व्हॅक्युमच्या त्या बाटलीत वीज विझते कशी, ते पुढच्या भागात.